आय-४८५ (ग्रीनकार्डचा शेवटचा अर्ज) पेंडिंग असताना भारतात जाऊन यावं का? अनुभव हवेत (थोडं लांबलंय)

कृष्णाकाठ – १२ ऑक्टोबर २०२५

नमस्कार मंडळी. बरीच वर्षं इथे वाचनमात्र आहे, धागा पहिल्यांदाच काढतेय. प्रश्न तसा छोटाच आहे, पण मागचं सांगितल्याशिवाय तो नीट कळणार नाही.

मी ओहायोत, कोलंबसला राहते. २०११ मध्ये एच-१बीवर (नोकरीचा तात्पुरता व्हिसा) आले तेव्हा लेक वर्षाची होती. कंपनीने पर्म (ग्रीनकार्डासाठी कामगार खात्याकडचा पहिला अर्ज) भरलं ऑगस्ट २०१४ मध्ये, म्हणजे प्रायॉरिटी डेट, रांगेतली आमची जागा, तीच. वर्ग ईबी-२ (नोकरीवरच्या ग्रीनकार्डांचा दुसरा वर्ग, ईबी-३ त्याखालचा). पुढच्या वर्षी आय-१४० (कंपनीची याचिका) मंजूर झालं आणि तेव्हापासून दर महिन्याला व्हिसा बुलेटिन (रांग कुठल्या तारखेपर्यंत आली ते सांगणारं सरकारी पत्रक) बघणं सुरू झालं ते आजतागायत. ऑक्टोबर २०२० मध्ये ईबी-३ची फायलिंगची तारीख (जिच्या आधीचे लोक आय-४८५ भरू शकतात ती) एकदम जानेवारी २०१५ वर आली. तेव्हा आमच्यासारख्या कितीतरी जणांनी ईबी-३त उतरून आय-४८५ भरून घेतलं. मेडिकल, लशींचे दाखले, दोन-दोन इंचांचे फोटो, गावाकडची प्रतिज्ञापत्रं, सगळं तीन आठवड्यांत जमवलं. आता जास्तीत जास्त दोन वर्षं, असं वाटलं होतं.

बाबा गेले एप्रिल २०२१ च्या शेवटच्या आठवड्यात, कोविडने. अ‍ॅडव्हान्स पॅरोल (एपी, म्हणजे अर्ज चालू असताना बाहेर जाऊन परत यायचा कागद) तोवर आलं नव्हतं. पासपोर्टवरचा एच-१बी व्हिसाचा शिक्का संपलेला, मुंबईच्या कॉन्सुलेटचं काम ठप्प. त्यात ४ मेपासून भारतातून येणाऱ्या व्हिसाधारकांना अमेरिकेत प्रवेशच बंद झाला. गेले असते तर परत कधी येता आलं असतं हे कुणीच सांगू शकत नव्हतं. घर माझ्या पगारावर, लेक अकरा वर्षांची. मी गेले नाही. मामेभावाने स्मशानाच्या फाटकाबाहेरून फोन धरला होता. मला दिसलं ते फाटक, आणि आतल्या एका माणसाची पीपीई किटमधली पाठ. बाकी काहीच नाही.

२०२२ मध्ये ईबी-२ची फायनल तारीख (जिच्या आधीच्यांना कार्ड मिळू शकतं ती) डिसेंबर २०१४ पर्यंत सरकली. आमचा नंबर लागला! वर्ग परत ईबी-२ करून घेतला, सप्लिमेंट-जे (नोकरी अजून आहे हे सांगणारा फॉर्म) दिलं. सप्टेंबरच्या पहिल्याच आठवड्यात त्या वर्षाचे आकडे (ग्रीनकार्डांचा कोटा) संपले. आमची फाईल कुणाच्या तरी टेबलावर असेल किंवा नसेलही. ऑक्टोबरात तारीख २०१२ वर गेली, आणखी काही महिन्यांनी २०११ वर. आज ती २०१३ मध्ये आहे.

आता प्रश्न. आई एकाहत्तर वर्षांची आहे, मिरजेत एकटी राहते. दोन्ही गुडघ्यांचं ऑपरेशन डिसेंबरात ठरलंय. ती म्हणते, "तू येऊ नकोस, आधी तुझं कार्ड होऊ दे." हे वाक्य ती मी आय-१४० मंजूर झाल्याचं कळवलं त्या दिवसापासून म्हणतेय.

माझं एपी मार्च २०२६ पर्यंत आहे. एच-१बीची मंजुरी २०२७ पर्यंत, शिक्का नाही. वकील म्हणतात, "जाऊ शकता, निर्णय तुमचा." एपीवर जाऊन आलेल्यांनी कृपया लिहा. आणि नका जाऊ असं ज्यांना वाटतं त्यांनीही लिहा, मला दोन्ही ऐकायचंय.

वऱ्हाडी_पाहुणा – १२ ऑक्टोबर

ताई, वाचून गलबलून आलं. मी दोनदा एपीवर जाऊन आलोय, अकोल्याला. शेवटचा यंदा जूनमध्ये. जे माहीत आहे ते सांगतो, पण वकिलाला एकदा विचारूनच घ्या.

पहिली गोष्ट, एपी हातात आल्याशिवाय निघायचं नाही. नुसता अर्ज करून निघालं तर आय-४८५ सोडून दिलं असं धरतात. एच-१बी, एच-४ आणि एल व्हिसावाल्यांना यातून सूट आहे, पण त्यांना परत यायला शिक्का लागतो, आणि सध्या अडचण तिथेच आहे. तुमचं एपी हातात आहे, तेव्हा स्टँपिंगच्या (कॉन्सुलेटमधून शिक्का घ्यायच्या) नादाला लागूच नका. २ सप्टेंबरपासून ड्रॉपबॉक्स (मुलाखतीशिवाय शिक्का) एच-१बीसाठी बंद झालाय, सगळ्यांना मुलाखत आहे. २२१-जीचा (निर्णय अडवून ठेवल्याचा) कागद हातात पडला तर महिनोन् महिने अडकाल.

दुसरी गोष्ट, विमान उतरायची तारीख एपीच्या मुदतीच्या बरीच आत ठेवा. मार्चपर्यंत आहे तर जानेवारीतच परता. धुक्याने किंवा आजारपणाने चार दिवस पुढे गेलं तरी जीव टांगणीला लागायला नको.

एपीवर आलं की हमखास सेकंडरीत (जादा तपासणीच्या खोलीत) बसवतात. घाबरायचं नाही, ते सगळ्यांनाच असतं. मूळ एपी, आय-४८५ची पावती, आय-१४०च्या मंजुरीची प्रत, कंपनीचं पत्र आणि तीन महिन्यांच्या पेस्लिपा एका फोल्डरमध्ये. बॅग चेक-इन करायची, फोल्डर हातातच. घरी आल्यावर आय-९४ (प्रवेशाची नोंद) डाउनलोड करून बघायचं, त्यावर 'डीए' (एपीवर आल्याची खूण) असं असतं. त्याच कंपनीत काम चालू राहतं, आणि एच-१बीचं पुढचं एक्सटेन्शनही मिळतं, मला मिळालंय.

आईकडे जाऊन या.

गुलबक्षी – १२ ऑक्टोबर

मी वेगळं सांगणार आहे, राग मानू नका.

जाऊ नका असं म्हणत नाही, पण एपी म्हणजे प्रवेशाची खात्री नव्हे, हे मनात पक्कं असू द्या. ते दाराशी येऊन विचारण्याची परवानगी आहे, आत घ्यायचं की नाही हे तिथला अधिकारी ठरवतो. तुम्ही तिकडे असताना आय-४८५वर आरएफई (आणखी कागद मागणारी नोटीस) आली आणि उत्तराची तारीख हुकली, अर्ज नाकारला गेला, तर एपी पण गेलं. यंदाच्या वर्षात नियम किती वेळा बदलले ते आपण सगळे बघतोय. सप्टेंबरात एच-१बीवर एक लाख डॉलर फी लावायच्या त्या घोषणेनंतर रात्रीत तिकिटं काढून परत आलेली माणसं माझ्या ओळखीची आहेत. नंतर कळलं की ते नव्या अर्जांसाठी होतं, पण त्या दोन रात्री त्यांच्या घरी कुणी झोपलं नव्हतं.

जाणार असाल तर नवऱ्याकडे टपाल बघायचं काम द्या, आणि नवरा-लेक इकडेच राहू देत. सगळ्यांनी एकदम देश सोडू नका. एवढंच.

टेक्सासकर काका – १३ ऑक्टोबर

गुलबक्षींची भीती खोटी नाही. पण मला या रांगेत राहून आणि बाहेर पडून बराच काळ झाला, म्हणून एक जुनी गोष्ट सांगतो.

जुलै २००७ चं बुलेटिन आलं आणि रोजगाराचे जवळजवळ सगळे वर्ग एकदम करंट झाले (म्हणजे कुणालाही अर्ज भरता येणार). आमच्या ऑफिसातले लोक सुट्ट्या टाकून मेडिकलला पळाले. माझ्या एका मित्राची बायको प्रसूतीसाठी नाशिकला गेली होती, सातव्या महिन्यात ती विमानात बसून आली, कारण अर्ज भरताना इथे असणं भाग होतं. आणि २ जुलैला, अर्ज घ्यायच्या पहिल्याच कामाच्या दिवशी, सरकारने सांगितलं की आकडे संपले, कुणाचेही अर्ज घेणार नाही.

तेव्हा आपल्या लोकांनी गांधीगिरी केली. इमिग्रेशन खात्याचे संचालक एमिलिओ गोन्झालेझ यांच्या पत्त्यावर शेकडो पुष्पगुच्छ पाठवले. मीही पाठवला होता, पांढऱ्या शेवंतीचा. गोन्झालेझ यांनी ती फुलं वॉल्टर रीड लष्करी रुग्णालयातल्या जखमी सैनिकांकडे पाठवून दिली. १७ जुलैला निर्णय फिरला आणि १७ ऑगस्टपर्यंत अर्ज घेतले गेले. त्या महिन्याभरात भरलेल्या अर्जावर मी पुढे पाच वर्षं ईएडी-एपी (कामाचा आणि प्रवासाचा परवाना) करत राहिलो, मग कार्ड आलं.

कृष्णाकाठ ताई, त्या पाच वर्षांत मी चारदा एपीवर पुण्याला गेलो. एकदा वडिलांच्या बायपासला, एकदा ते गेले तेव्हा. जाऊन आलो याचं मला आजही समाधान आहे. तुम्हाला २०२१ मध्ये जाता आलं नाही, तेव्हा सगळीच दारं बंद होती. या वेळी तुमच्याकडे एपी आहे.

सोनचाफा – १३ ऑक्टोबर

एक विचारायचं होतं. ही रांग एवढी का? नवऱ्याला विचारलं तर तो चिडतो, आणि घरच्यांना मला समजावून सांगता येत नाही. सासूबाई विचारतात, "पासपोर्ट महिन्यात येतो, मग हे दहा वर्षं कसलं?"

वऱ्हाडी_पाहुणा – १३ ऑक्टोबर

सोनचाफा, सासूबाईंना असं सांगा. १९९० च्या कायद्याने नोकरीवाल्यांसाठी वर्षाला १,४०,००० ग्रीनकार्डं ठरवली. त्यात ईबी-२च्या वाट्याला साधारण ४०,००० येतात. आणि जन्माने कुठल्याही एका देशाच्या लोकांना सात टक्क्यांपेक्षा जास्त द्यायची नाहीत. देश आइसलंड असो की भारत, टक्का सारखाच. म्हणजे ईबी-२मध्ये भारताला वर्षाला जेमतेम २,८०० आणि वर इतर देशांकडून उरलेली मिळाली तर तेवढी. त्यातही नवरा, बायको, पोरं सगळी मोजतात. चौघांचं कुटुंब म्हणजे चार कार्डं गेली.

१९९० पासून आजपर्यंत हा आकडा वाढलेला नाही. कोविडच्या वर्षी कुटुंबाच्या कोट्यातली कार्डं उरली आणि ती पुढच्या दोन वर्षांत नोकरीवाल्यांकडे आली, म्हणून २०२२ मध्ये ताईंची तारीख तेवढी पुढे गेली होती.

सात टक्क्यांची अट काढायचं विधेयक २०१९ मध्ये प्रतिनिधीगृहात ३६५ विरुद्ध ६५ मतांनी पास झालं होतं. सिनेटनेही डिसेंबर २०२० मध्ये आपला मसुदा पास केला. दोन्ही मसुदे जुळले नाहीत आणि मुदत संपली. त्या महिन्यात मी रोज पहाटे उठून बातम्या बघायचो.

म्हापशेकर – १४ ऑक्टोबर

'जन्माने' हा शब्द फार महत्त्वाचा. माझ्याकडे पोर्तुगालचा पासपोर्ट आहे, आजोबांच्या नोंदीवरून काढलेला. इथे आलो तेव्हा समजलो होतो की आपण पोर्तुगीज, आपल्याला रांग नाही. वकिलाने पहिल्याच भेटीत विचारलं, "जन्म कुठला?" म्हापसा. म्हणजे भारताची रांग. नागरिकत्व कुठलंही असो. गोव्यातल्या कुणाला हे आधी सांगा, मला चार वर्षांनी कळलं.

गुलबक्षी – १४ ऑक्टोबर

याचीच दुसरी बाजू सांगते, कुणाच्या तरी उपयोगी पडेल. नवरा-बायकोपैकी एकाचा जन्म दुसऱ्या देशातला असेल तर अर्ज त्या देशाच्या खात्यावर टाकता येतो. माझ्या जावेचा जन्म मस्कतचा, वडील तिथे नोकरीला होते म्हणून. शिकली सगळी सांगलीत, पासपोर्ट भारताचाच. दीर भारताच्या रांगेत सहा वर्षं उभे होते. वकील बदलला, नव्या वकिलाने तिचा जन्मदाखला बघितला आणि म्हणाला, तुम्ही रांगेत आहातच कशाला? ओमानच्या खात्यावर अर्ज गेला आणि वर्षभरात दोघांची कार्डं आली. आधीच्या वकिलाने कधी विचारलंच नव्हतं, आणि या दोघांना माहीत नव्हतं. मुलांच्या जन्माचा मात्र आईवडिलांना असा फायदा होत नाही.

तेव्हा आपली फाईल आपण वाचा. सगळी, पहिल्या पानापासून.

सोनचाफा – १५ ऑक्टोबर

सगळ्यांचे आभार. मग माझंही सांगते. आमची तारीख २०१६ ची, आय-४८५ अजून भरताच आलेलं नाही. मुलगा एकोणीस वर्षांचा आहे, तीन वर्षांचा असताना आला. ऑगस्टपर्यंत आम्ही फायलिंगची तारीख धरून त्याचं वय मोजत होतो. १५ ऑगस्टपासून नियम बदलला, नव्या अर्जांना आता फायनल तारीखच धरणार. तसं आमचं तर कशातच बसत नाही. एकविसाव्या वाढदिवसाला तो आमच्या अर्जातून बाहेर पडेल आणि त्याला स्वतःचा विद्यार्थी व्हिसा काढावा लागेल. तो शाळेत रोज सकाळी या देशाची शपथ म्हणत मोठा झालाय. हे त्याला समजावताना मला शब्द सापडत नाहीत. तो मात्र म्हणतो, "आई, यू डोन्ट हॅव टू फिक्स इट." त्याने असं म्हणणं मला जास्त लागतं.

तरी कागद तयार ठेवतेय. अडचण अशी की माझ्या जन्मदाखल्यावर माझं नावच नाही. नुसतं 'मुलगी' लिहिलंय, खाली वडिलांचं नाव. दाखला १९८० चा. कुणाचं असं होतं का?

कृष्णाकाठ – १५ ऑक्टोबर

सोनचाफा, माझंही अगदी तेच! आणि माझ्या ओळखीतल्या निम्म्या मराठी बायकांचं. नोंद दवाखान्यातून लगेच जाते, बारसं बाराव्या दिवशी. नाव ठेवल्यावर परत जाऊन ते लिहून घ्यायचं असतं हे कुणाला सुचणार? इथल्या लोकांना बारसं समजावून सांगावं लागतं, वकिलाला मी पूर्ण ई-मेल लिहिली होती.

२०२० मध्ये मी तो दाखला, शाळा सोडल्याचा दाखला आणि आई-मावशीची प्रतिज्ञापत्रं असं जोडलं. प्रतिज्ञापत्रात त्यांनी आपलं नातं, जन्माची तारीख, ठिकाण, आणि हे आपल्याला कसं माहीत आहे ते लिहायचं असतं. मावशीने लिहिलं होतं, 'मी बाळंतिणीजवळ रात्रभर होते.' वकिलाने ते वाक्य तसंच ठेवलं. लग्नानंतर आपलं नाव, मधलं नाव, आडनाव तिन्ही बदलतात, तेव्हा लग्नाचा दाखला आणि दोन्ही नावं एकाच व्यक्तीची असल्याचं प्रतिज्ञापत्रही जोडा.

माझ्या नवऱ्याचं आणखी अवघड होतं. जन्म आटपाडी तालुक्यातल्या एका वाडीवर, १९७६, घरीच. ग्रामपंचायतीत नोंदच नाही. ग्रामसेवकांनी नोंदवही उघडून दाखवली, त्या महिन्यात सात नावं होती, त्यात हे नव्हते. मग नोंद उपलब्ध नसल्याचा दाखला घेतला आणि सासूबाई व मामेसासरे यांची प्रतिज्ञापत्रं. हे दाखले मिळायला वेळ लागतो, आणि सही करणारी माणसं म्हातारी आहेत. तारीख येईल तेव्हा बघू असं करू नका, आत्ताच करून घ्या. मामेसासरे २०२१ मध्ये गेले.

मुलाबद्दल काय लिहू कळत नाही. माझी लेक पंधराची आहे, तिचा अर्ज आमच्याबरोबर आधीच गेलाय म्हणून ती वाचली, एवढाच काय तो फरक आपल्यात.

लेकशोअर – १७ ऑक्टोबर

थोडं अवांतर. आम्ही २०२३ मध्ये न्यूजर्सी सोडून मिसिसागाला आलो. जुलैत कॅनडाने एच-१बीवाल्यांसाठी दहा हजार वर्क परमिटांचे अर्ज घेणं सुरू केलं आणि दोनच दिवसांत ते भरले, त्यात आमचा लागला. पुढे एक्स्प्रेस एंट्रीतून (कॅनडाची निवड पद्धत) पीआरही (कायमचं वास्तव्य) झालं. पगार कमी झाला, थंडी वाढली, घर लहान झालं. पण आता पाच वर्षांतले ७३० दिवस इथे काढले की झालं, एवढा एकच हिशोब ठेवायचा. गेल्या दिवाळीला महिनाभर साताऱ्याला होतो आणि कुठलाही कागद बघितला नाही. सगळ्यांनी यावं असं म्हणत नाही. सोनचाफा, मुलासाठी मात्र जरूर विचार करा. काही लागलं तर निरोप पाठवा.

कृष्णाकाठ – ८ फेब्रुवारी २०२६

धागा वर काढतेय. जाऊन आले.

६ डिसेंबरला निघाले, १० जानेवारीला परत. नवरा आणि लेक इथेच राहिले. गुलबक्षी, तुमचं ऐकलं, टपालाची पेटी लेक रोज बघून फोटो पाठवायची, रिकामी असली तरी. मी तिकडे असतानाच स्टँपिंगच्या मुलाखती मार्चपर्यंत पुढे ढकलल्याचे निरोप लोकांना आले. माझ्याच विमानातून आलेला एक मुलगा तसा अडकला. वऱ्हाडी दादांनी सांगितलं नसतं तर मीही शिक्का घ्यायचा विचार करत होते.

नेवार्कला उतरले. खिडकीवरच्या अधिकाऱ्याने एपी बघून सेकंडरीत पाठवलं. चाळीसेक माणसं होती, दीड तास बसले. फोल्डर मांडीवर. नाव पुकारलं, अधिकाऱ्याने विचारलं, कुठे गेला होतात, कशाला, कोणत्या कंपनीत आहात. आईचं ऑपरेशन म्हटलं. त्याने विचारलं, "हाउ इज शी?" मी म्हटलं, चालतेय. शिक्का मारला आणि कागद परत दिले. आय-९४ घरी येऊन बघितलं, डीए आहे.

आई खरंच चालतेय. महालक्ष्मीने पहाटे मिरजेला उतरले तेव्हा तिला मी येतेय हे माहीत नव्हतं, सांगितलं असतं तर नको म्हणाली असती. दार उघडून तिने आधी विचारलं, "कार्ड झालं?" नाही म्हटल्यावर दारातच उभी राहिली, आत घेईना. मग म्हणाली, "हात-पाय धू."

एक गुडघा १२ डिसेंबरला झाला, दुसरा आठवड्याने. पहिले चार दिवस फार दुखलं तिला. रात्री मी पाय धरून बसायचे आणि ती बाबांच्या गोष्टी सांगायची. बाबांचा शेवटचा आठवडा मला पहिल्यांदा पूर्ण कळला. फोनवर तिने कधी सांगितला नव्हता, आणि मी विचारलं नव्हतं.

सोनचाफा, तुझ्या कामाची गोष्ट. मी महापालिकेच्या जन्म-मृत्यू विभागात चौकशी केली. जुन्या नोंदीत नाव घालून मिळतं, अर्ज पालकांनी करायचा, सोबत शाळा सोडल्याचा दाखला आणि ओळखपत्रं. मुदतीचे नियम बदलत असतात, तुमच्या गावी आधी विचारून घे. आई वॉकर घेऊन आली. खालच्या मजल्यावरचीच खिडकी होती, तरी पायऱ्या तीन. अर्जावर 'बालकाचे नाव' असा रकाना आहे. तिथे तिने माझं माहेरचं नाव लिहिलं, सावकाश, एकेक अक्षर, आणि खाली सही केली.

नवा दाखला परवा कुरिअरने आला. वकिलाला स्कॅन पाठवलाय, मूळ प्रत फाईलमध्ये पहिल्या पानाला लावली.